पंचफुला सिस्टरचा ढीग

पंचफुला सिस्टर खताचा ढीग रोग्यासारखा तपासायच्या. सकाळी सातला परसात यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि मनगटापर्यंत हात ढिगात घालून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहायच्या. मग मूठभर काढून दाबून बघायच्या, नाकाशी न्यायच्या. "गरम हाय. बराबर चाललंय," असं स्वतःशीच म्हणायच्या. कधी कधी म्हणायच्या, "कोरडा पडून राहिला," आणि बादली आणायला वळायच्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला हे रोज दिसायचं. आमच्या दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती, एवढंच.

हिंगोलीत रेल्वे स्टेशनच्या पलीकडे नवीन प्लॉट पडले, तिथं आम्ही घर भाड्यानं घेतलं. नवरा हळदीच्या मार्केटात एका अडत्याकडे कामाला होता आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सिस्टर शेजारी एकट्या राहायच्या. आडनाव वाठोरे, पण ते फक्त लाईटबिलावर. खेड्यापाड्यातल्या उपकेंद्रांवर तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, एरवी त्यांचं जग म्हणजे परस, परसातली मेथी-शेपू आणि तो ढीग. भाजी त्या विकायच्या नाहीत. जुड्या बांधून सरकारी दवाखान्यात जायच्या आणि खेड्यातून आलेल्या बाळंतिणींच्या उशाशी ठेवून यायच्या. कुणी विचारलंच, "बाई, तुमी कोण?" तर म्हणायच्या, "नर्स होते मी पहिले."

त्यांची नर्सपणाची खोड गेली नव्हती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या. माझ्या नवऱ्याला एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "डोळे पिवळे दिसून राहिलेत, रक्त तपासा." तपासलं तर खरंच कावीळ निघाली. नखं कापलेली, केस चापून बांधलेले, आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती कशात होती, कोणी ठेवली, कधी ठेवली, असं विचारायच्या. मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. डब्यातली साखर मागायला आल्या तरी चिमूटभर जिभेवर टाकून बघायच्या आणि मगच वाटी न्यायच्या. मी एकदा हसून म्हटलं, "सिस्टर, साखरच आहे हो." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पांढरं सगळं सारखंच दिसतं, बाई."

माझी मुलगी ईशू दहा महिन्यांची होती, त्या भादव्यात पावसानं पंधरा दिवस दडी मारली. ऊन असं की भिंती तापायच्या. एका दुपारी ईशू किंचाळत उठली. बघते तर तिच्या मांडीला तांबड्या मुंग्या लागलेल्या, गादीवरून ओळ, ओळ बाजेच्या पायावरून खाली, तिथून खिडकीत, खिडकीतून भिंतीवर आणि भिंतीवरून सरळ सिस्टरच्या ढिगात. मी लेकराला कडेवर घेऊन परसात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या उकिरड्यापायी माझ्या लेकराला त्रास, असंसुद्धा म्हणाले.

सिस्टर भिंतीला वळसा घालून आल्या. "कुठं कुठं चावल्या?" एवढंच विचारलं. गाठी मोजल्या, थंड पाण्याचा कपडा ठेवला, ईशूचा श्वास बघत दहा मिनिटं बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच हाय. ढीग कोरडा पडला म्हणून त्यांनी घर केलं. वल्ल्या ढिगात मुंगी ऱ्हात न्हाई. मला दोन दिवस दे, पोरी, मी त्यांना हलवते. तवर बाजेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यात ठेव."

मी वाट्या ठेवल्या. पण दोन दिवस काही मी थांबले नाही. संध्याकाळी नवऱ्यानं बाजारातून मुंग्यांची पावडर आणली. सकाळी सिस्टर दूध आणायला गेल्या तेवढ्यात मी अर्धी पुडी भिंतीवरून त्यांच्या ढिगावर उधळली. उरलेली बाजेच्या पायांभोवती ओतली. मुंग्या पटापट वळवळून मरत होत्या आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

अर्ध्या तासानं दार ढकलून सिस्टर आत आल्या. अनवाणी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ईशू बाजेजवळ जमिनीवर बसून चमच्याशी खेळत होती. त्यांनी तिला झडप घालून उचललं आणि मोरीत नेलं. तिची बोटं एकेक करून साबणानं धुतली, तोंडात बोट फिरवलं, तोंडाचा वास घेतला, खिडकीशी नेऊन पापण्या वर करून डोळ्यांची बाहुली बघितली. ईशू रडत होती.

"तोंडात घातलं का हिनं? खरं सांग."

"नाही हो. आत्ताच बसवलंय तिला. माझं लक्ष होतं."

"लक्ष!" त्या ओरडल्या. "लक्ष सगळ्यांचंच असतं. पुडी कुठाय?"

मी पुडी दिली. तिच्यावरचं बारीक छापलेलं त्यांनी चष्म्याशिवाय, डोळ्यांपाशी नेऊन वाचलं. ईशूला माझ्याकडे दिलं आणि "बाहेर जा" म्हणाल्या. मग साठी उलटलेली ती बाई गुडघ्यावर बसली आणि तिनं माझी फरशी पुसली. एक बादली, दुसरी बादली, तिसरी बादली. बाजेखाली आडवं होऊन कोपऱ्यातली पूड काढली. फडकंसुद्धा ठेवलं नाही, पिशवीत घालून नेलं. मी दारात उभी. मला राग येत होता आणि लाजही वाटत होती. आपल्या ढिगाबद्दल मात्र त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

दुपारी त्या ढीग उपसताना दिसल्या. वर्षभराचा ढीग तो. खालचं खत चहापत्तीसारखं काळं, मोकळं झालेलं. सगळं त्यांनी पोत्यात भरलं. मी न राहवून भिंतीशी गेले. म्हटलं, "वरचा थर काढला तर नाही का चालणार?"

"ह्याच्यातली भाजी बाळंतीण खाते," त्या म्हणाल्या. "चालत न्हाई."

वरच्या थरातली गांडुळं मेलेली होती. ती त्यांनी वेगळी काढली आणि काही वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. संध्याकाळी ऑटो करून पोती कुठंतरी लांब नेऊन पुरली. दुसऱ्या दिवशी भिंतीपासून दूर, पेरूच्या झाडाखाली, पहिला पाचोळा पसरून त्यांनी नव्यानं सुरुवात केली.

मुंग्या कशा हलवायच्या ते त्यांनी मला पुढच्या उन्हाळ्यात दाखवलं. मी माफी मागितली होती, पण आमचं बोलणं पूर्ववत झालं ते त्या दिवसापासून. नव्या ढिगात पुन्हा तांबड्या मुंग्या शिरल्या होत्या. सिस्टरनी ढीग फावड्यानं उलथला, वर दोन बादल्या पाणी टाकलं आणि शेजारी एक जुनी कुंडी कोरडा पाला भरून पालथी घातली. "आता बस," म्हणाल्या. आम्ही दोघी पेरूच्या सावलीत बसलो. थोड्या वेळानं मुंग्या निघाल्या. प्रत्येकीच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढं पांढरं अंडं. ओल्यातून कोरड्याकडे, ढिगातून कुंडीत, न थांबता.

"लेकरं घेऊन चालल्या," सिस्टर म्हणाल्या. "मुंगी काय रोग हाय का? लक्षण हाय. ताप आला म्हणून कुणी पेशंटला मारतं का?"

उन्हं कलल्यावर त्यांनी कुंडीखाली पत्र्याचा तुकडा सरकवला आणि पत्र्यासकट ती उचलून रुळांच्या कडेच्या माळावर ठेवून आल्या. गल्लीतली माणसं हसायची. त्या कुंडीकडे बघत, तोल सांभाळत चालायच्या, जणू नुकतं जन्मलेलं मूल नेत आहेत. पुढं त्यांनी उरल्यासुरल्या अन्नावर लगेच माती-पाला टाकायची, आठवड्यातून दोनदा ढीग उलथायची शिस्त मलाही लावली. मुंग्या परत कधी एवढ्या झाल्या नाहीत.

त्या दिवशी कुंडी ठेवून आल्यावर त्या हात धुऊन माझ्या ओट्यावर टेकल्या. ईशू अंगणात पळत होती. तिच्याकडे बघत, मी काही न विचारता, त्या बोलायला लागल्या.

जवळा बाजारच्या पुढं एका गावात त्या उपकेंद्रावर होत्या, पंचवीसएक वर्षांपूर्वी. शेजारी बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यावरची धनीबाई राठोड बाळंतपणाला आली. नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू नाही, म्हणून दीड वर्षांची थोरली मुलगी तिनं बरोबरच आणली होती. सुमी तिचं नाव. खोलीत तांबड्या मुंग्या झाल्या होत्या. जन्मणारं लेकरू चावून काढतील म्हणून सिस्टरनी बाजेच्या चारी पायांभोवती पावडर टाकली. बाळंतपण अवघड होतं. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या धनीबाईजवळून हलल्या नाहीत. मुलगा झाला, रडला. नाळ बांधून मान वर करतात तर सुमी बाजेखाली आडवी. तोंडाला फेस.

"जीपनं घेऊन निघाले मी. हिंगोलीच्या अलीकडंच गेली. माझ्या मांडीवर," सिस्टर म्हणाल्या. "फेफरं आलं असंल म्हणाले लोक. कुणीच मला काही इचारलं न्हाई. मी परत आले आन् फरशी धुतली. कुणी सांगितल्याबिगर धुतली. माझ्या हातानं टाकलेलं, माझ्या हातानं धुतलं."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "धनीबाईंना ठाऊक आहे?"

सिस्टर उठल्या आणि घरी गेल्या.

दोन-तीन महिने हा विषय निघाला नाही. मला वाटलं, मी विचारायला नको होतं. मग एका शनिवारी भिंतीशी येऊन म्हणाल्या, "उद्या तुला सुट्टी ना? माझ्यासंग चल. एकटीनं गेले तर मी वाटेतून माघारी येईन."

एसटीनं जवळा बाजार, तिथून ऑटोनं तांडा. सिस्टरनी हातात काही नेलं नव्हतं. मी फळं घेऊ का म्हटलं तर म्हणाल्या, "पाहुणी म्हणून चालले का मी?"

धनीबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. वाळलेल्या शेंगेसारखी बाई. त्यांनी ओळखलं नाही. ओळखलं ते त्यांच्या मुलानं, राजूनं, नाव सांगितल्यावर. "आई, नर्सबाई! ज्यांनी मला काढलं म्हणतीस, त्या!" असं म्हणून तो पंचवीस वर्षांचा उंच बाप्या सिस्टरच्या पाया पडला. सिस्टर दोन पावलं मागं सरल्या. बाज टाकली गेली, पाणी आलं. त्या बाजेवर बसल्या नाहीत. धनीबाईंच्या समोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. एका दमात, एकही शब्द मऊ न करता. पावडर मी टाकली. लेकरू आत हाय हे मला माहीत होतं. मी विसरले. मग लपवलं.

राजूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. धनीबाईंनी सूप खाली ठेवलं आणि उठून घरात गेल्या.

आम्ही बसून राहिलो. ऊन अंगणातून सरकत सिस्टरच्या पाठीवर आलं. मी त्यांना सावलीत बसा म्हटलं, त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं धनीबाई दारात आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या.

"मी पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "बाजेवरून पाह्यलं. बोट चाटत होती, तोंड पांढरं. मला वाटलं, भिंतीचा चुना खाऊन राहिली. माती, चुना खायची सवयच होती तिला. मला कळा येत होत्या. म्हटलं, राहू दे, गप तर हाय."

सिस्टरनी मान वर केली.

"हाक मारली न्हाई मी," धनीबाई म्हणाल्या. "चुना भोवला म्हणून मेली, मी पाहत असून मेली, असंच मला वाटे. ह्या पोराच्या बापालाबी न्हाई सांगितलं. तो मेला तरी न्हाई सांगितलं. तुला माहीत होतं ना, नर्सबाई? मंग काहून न्हाई आलीस?"

"भ्याले," सिस्टर म्हणाल्या. "नोकरी जाईल म्हणून भ्याले. मंग लाज वाटली. मंग साल जात गेले."

"आधी आली असतीस तर माझे इतके साल वाचले असते."

राजू आईजवळ जाऊन उभा राहिला. त्याला बहीण होती एवढंच त्याला ठाऊक असावं. धनीबाईंनी त्याच्या दंडाला धरलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "जा आता. गाडी निघून जाईल."

येताना औंढ्यापर्यंत सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी समजत होते, माझंच वझं हाय, मीच वाहून राहिले. तिच्या डोक्यावर दुसरं दिलंय, हे मला ठाऊकच नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पोरी."

त्यानंतर त्या दर आठवडी बाजाराला जवळा बाजारला जायला लागल्या. धनीबाई तिथं चिंच, तुरीची डाळ असलं काहीबाही विकायला बसतात हे त्यांनी राजूकडून काढलं होतं. मी विचारलं, "काय बोलता तुम्ही?" म्हणाल्या, "बोलायचं काय? समोर उभी ऱ्हाते. दिसले म्हणजे झालं. लपले न्हाई, एवढं तर तिला दिसंल." पहिले तीन बाजार धनीबाईंनी वर बघितलं नाही. चौथ्या की पाचव्या बाजाराहून सिस्टर आल्या त्या थेट माझ्याकडे. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "आज मला बोलली. म्हणे, इथं बस जरा, मी पाणी पिऊन येते. दुकान माझ्या भरोशावर टाकून गेली!" आणि ती बाई, जिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, माझ्या ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून रडली.

पुढं माझी बदली औंढा तालुक्यातल्या एका शाळेवर झाली. रोज एसटीनं जाऊन येऊन करायला लागले. सिस्टरचं हृदय त्याच सुमारास दगा द्यायला लागलं होतं. मुलगा न्यायला आला, तेव्हा मी शाळेत होते. माझी भेट झाली नाही. जाताना भाजीचे वाफे मला सांभाळायला सांगून गेल्या, असं नवरा म्हणाला. चार महिन्यांनी पुण्यातच त्या वारल्या. मुलाचा फोन आला. मी राजूला कळवलं. तो म्हणाला, "आईला कसं सांगू?"

मला मात्र त्या आठवतात त्या पुण्याला जाण्याच्या आदल्या आठवड्यातल्या. शाळा सुटून मी परतत होते. बाजाराचा दिवस, एसटी जवळा बाजारला गर्दीत अडकली. खिडकीतून बघते तर रस्त्याच्या कडेला चिंचेचे वाटे मांडलेले आणि त्यामागं दोघी. धनीबाईंच्या पायात काटा गेला होता बहुतेक. त्यांचा तो भेगाळलेला पाय सिस्टरनी आपल्या मांडीवर घेतला होता, चष्मा कपाळावर सारला होता आणि सुईनं टाच कोरत होत्या. धनीबाई गिऱ्हाइकाशी भाव करत होत्या, मधेच "हळू, हळू गं" म्हणून ओरडत होत्या, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी एक हात सिस्टरच्या डोक्यावर टेकवला होता. मी हाक मारणार होते. पण सिस्टरनी वर बघितलं नाही, आणि गाडी सुटली.